बिदरी पानदानाची आंघोळ

काही गाढवपणा असा असतो की तो अडाणी माणसाच्या हातून होऊच शकत नाही. त्याला डिग्री लागते. माझ्याकडं होती, रसायनशास्त्रातली. चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर त्यात आणखी मीठमसाला असेल, आणि मूळ प्रकरणालाच काही कमी मीठ नाही.

मी परभणीत ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. गाव पेडगाव, सासुरवाडी जिंतूर. सासरे तहसिलीतून पेशकार म्हणून रिटायर झालेले. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. हे मामा बोलायचे कमी, आणि बोलले की चारातले दोन शब्द उर्दू. लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझ्याशी त्यांचं बोलणं ‘या जावईबापू’ आणि ‘बरंय जावईबापू’ ह्याच्या पुढं सरकलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, ह्या माणसानं एकदा तरी चारचौघांत म्हणावं की आमचा जावई हुशार हाय.

अशात धोंड्याचा महिना आला. अधिक महिना म्हणजे जावयाची सुगी. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, शिवाय टॉवेल-टोपी. जिंतूरला जाऊन पोटभर जेवलो. मामा पेन्शनरांच्या बैठकीला गेले, आणि सासूबाई, म्हणजे मामी, अंगणात देवाची भांडी घासायला बसल्या. मी नुसता लोळत पडलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

“मामी, उगं घासत बसू नका,” मी म्हणालो. “ते काळं पडलंय ना, त्याला ऑक्साइड म्हणतात.”

“काय म्हणतात?”

“ऑक्साइड. हवेतला ऑक्सिजन धातूला चिकटतो, त्याचा थर.”

एवढ्यावर थांबावं ना? पण चाळीस मिनिटांचा तास घ्यायची सवय. मी सांगत सुटलो. खिडकीच्या गजाला आलेला गंज, तो ऑक्साइड. बाळाच्या अंगावर पुरळ आलं की लावतात त्या पांढऱ्या मलमात जस्ताचा ऑक्साइड. भट्टीतली चुनकळी, ऑक्साइड. दार लावून आत शेगडी पेटवली तर माणूस झोपेतच जातो, तो वायू सुद्धा ऑक्साइडच.

मामींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “औषध बी तेच, इख बी तेच. मंग कोणतं ठिवायचं अन् कोणतं काढायचं, हे कसं कळतं हो?”

प्रश्न पहिल्या नंबरचा होता. माझ्या वर्गात आजवर कुणी असा विचारला नाही. मी तो हसण्यावारी नेला आणि लिंबू-मीठ मागितलं.

समया अशा निघाल्या की मामींनी पदर तोंडाला लावला. शेजारच्या शोभाकाकू आपलं घंगाळ घेऊन आल्या. तेही लखलखलं. “प्राध्यापक माणूस, पण जरा गर्व न्हाई,” काकू म्हणाल्या. गर्व नव्हता तो तेवढ्यात आला.

बायका आत जाऊन आडव्या झाल्या आणि माझी नजर बैठकीतल्या काचेच्या कपाटावर गेली. आत मामांचं पानदान. निजामाच्या काळात कुण्या साहेबानं खूश होऊन मामांच्या आजोबांना दिलेलं. दसऱ्याला बाहेर निघायचं, तेवढंच. त्याच्यावर चांदीची नाजूक वेल होती, पण बाकी सगळं काळंकुट्ट. आमच्या पेडगावच्या घरात पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, तेव्हा पानदान कसं असतं हे मला काय ठाऊक? माझी बायको, वैशाली, लग्नानंतर लगेच म्हणाली होती, “बाबा त्याला कुणाला हात लावू देत न्हाईत.”

मी मनात म्हणालो, म्हणूनच ही गत झालीय.

लिंबानं काही होईना. मग मी बाथरूममधलं फरशी धुवायचं ॲसिड आणलं. पातळ करून घेतलं बरं का, अगदी शास्त्राप्रमाणं. पानदान त्यात बुडवलं, तर फसफसून फेस आला. इथं माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. तांब्या-पितळेला असा फेस येत नाही, तो जस्ताला येतो. हा प्रयोग मी दर वर्षी पोरांना करून दाखवतो. पण त्या घडीला मी मास्तर नव्हतो, जावई होतो. तारेची घासणी घेतली आणि भिडलो.

अर्ध्या तासात पानदान पांढरंफेक. वेल मात्र दिसेना. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कसं? मला वाटलं, निघाली म्हणजे तीही वरवरचीच असणार. पुसून, कोरडं करून बैठकीच्या मधोमध तिवईवर ठेवलं आणि शेजारी वर्तमानपत्र उघडून बसलो.

मामा आले. चप्पल काढली, टोपी खुंटीला लावली, बसले. समोर बघितलं.

“हा डबा कुणाचा?”

मी हसलो. “ओळखा की.”

“शोभाबाई इसरून गेल्या का काय?” मग त्यांची नजर कपाटाकडं गेली. “जावईबापू, पानदान कुठंय?”

“मामा, हेच ते. सगळा ऑक्साइड काढून टाकला.”

ते उठले. डबा हातात घेतला, उजेडाकडं धरला, त्यावरून अंगठा फिरवला. आवाजाला वैशाली बाहेर आली, तिनं ते बघितलं आणि दारातच खाली बसली.

“अहो, ते बिदरी काम हाय,” ती म्हणाली. “ते काळंच असतं. काळ्यावर चांदी उठून दिसावी म्हणून.”

 मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पानदान धुतलेल्या धोतरात गुंडाळलं आणि आत घेऊन गेले. संध्याकाळी मामींनी उरलेले धोंडे गरम करून वाढले, ते मी तसेच ताटात ठेवले. माणूस जावई असला तरी त्याला लाज असते.

सकाळी मामा तयार होऊन ओट्यावर उभे. “चला. बिदरला जायचंय.”

एसटीनं परभणीला येऊन रेल्वेत बसलो. पानदान माझ्या मांडीवर, मामा खिडकीशी. उदगीर येईपर्यंत मी दोनदा चहा विचारला, त्यांनी दोनदा मान हलवली, तीही आडवी.

बिदरला विचारत विचारत एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात पोचलो. त्यानं धोतर सोडलं आणि कपाळाला हात लावला.

“इसकू किसने नहलाया जी?”

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, “हो गया घर में.”

म्हाताऱ्यानं काम हातात घेतलं. आधी सगळे ओरखडे साफ केले, मग जुन्या किल्ल्याची माती नवसागराच्या पाण्यात कालवून गरम भांड्यावर फासली. धुऊन काढलं तर काय, जस्त-तांब्याचा सगळा भाग काळाभोर आणि मधून चांदीची वेल जशीच्या तशी. चांदीला त्या मातीनं काहीच केलं नव्हतं. “ये रंग नई लगाया जी,” म्हातारा तेल चोळत सांगत होता. “धातू का खुद का काला है. मट्टी बस उसकू बाहर निकालती.”

ऐकलंत? माणसांनी पिढ्यान् पिढ्या शिकून, जीव लावून बाहेर काढलेला काळा थर, आणि मी तो संडासाच्या ॲसिडनं उतरवला होता. मामींच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला बिदरपर्यंत यावं लागलं.

मामांनी पानदान दोन्ही हातांत घेतलं. कालपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. म्हाताऱ्यानं हात पुसत माझ्याकडं बोट केलं.

“ये साब कौन?”

“दामाद है हमारे,” मामा म्हणाले.

“माशाअल्ला. काम क्या करते?”

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

“कॉलेज में मराठी पढ़ाते,” ते म्हणाले.