रूपराव कंडक्टर आणि पाण्यावरचं विमान

वडनेरचे रूपराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर, माझे मामेसासरे. म्हणून त्यांच्या खुळापायी मोटारसायकल माझी आणि पेट्रोलही माझंच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिल्ट्रीचं एक विमान पूर आलेल्या वर्धा नदीवर उतरलं, असं त्यांचे वडील तानबा सांगत. नावेसारखं पोट, पंखांखाली तरंगायला दोन डोण्या. मिल्ट्रीने ते सुटं करून नेलं. एक डोणी तेवढी सापडली नाही. गाव हसायचं. तानबा जन्मभर 'फेकू' राहिले आणि तसेच गेले. रूपरावांना ती डोणी आणून पानठेल्यासमोर आपटायची होती, बस्स.

"घरात जुनं अ‍ॅल्युमिनियम हाये का?" असं ते दारोदार विचारत. बाया आम्हाला भंगारवाले समजून फुटके गंज-पातेली आणत आणि भावासाठी भांडत. रूपरावांची बायको, विमलामामी म्हणाल्या, "आता बदल्यात द्याले कांदेबी घेऊन जाजा."

शेवटी नदीकाठच्या एका गोंड टोलीवर, छोट्याशा वस्तीवर पोहोचलो. नाव विचारू नका. रामबाईच्या अंगणात नातीची, चंचलची हळद होती. तिथे प्रत्येक नवरा-नवरीला हळदीची आंघोळ एकाच लांबोळक्या डोणीत घालतात. बाया ती राखेने घासत होत्या. काठाला बारीक खिळ्यांच्या रांगा, तळाशी राखाडी रंग. रूपरावांनी डोणीला मिठीच मारली. पोरी खिदळल्या.

"मावशी, हे विमानाचं हाये."

"मले ठाऊक हाये," रामबाई म्हणाली. "माह्या सासूच्या लग्नात शिपाई ह्याच डोणीच्या झडतीले आलते. वडनेरच्या तानबा नावाच्या पोरानं आमच्या सांगन्यावरून हे पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगाखाली लपवलं. लय मार खाल्ला त्यानं, पण सांगतलं नाई. आता तुमी कोनाले सांगसान, तं सरकारवाले नेतीन."

रूपराव तिथेच बसून रडले. टोलीने लपवायला सांगितलेली डोणी बापाने आयुष्यभर लपवली होती. विमानाची गोष्ट मात्र त्यांच्या पोटात राहिली नव्हती. मग आम्ही पोटभर जेवलो आणि रिकाम्या हातांनी परतलो.

पानठेल्यावर गावातला श्रावण वाटच पाहत होता. "भेटलं का बुढ्याचं विमान?"

रूपरावांनी सावकाश सुपारी कातरली.

"नाई गड्या," ते म्हणाले. "बुढा फेकूच होता."