कडी आणि कवळी

क्न्याझेवाट्स गावचा रादिसाव घोडदळाच्या जुन्या कार्बाइन बंदुका जमवायचा. त्यात आजोबांची कार्बाइन म्हणजे जीव की प्राण. पण तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारी सरकती दांडी, दुसऱ्याच बंदुकीचा होता, आणि बोल्टवरचा आकडा नळीवरच्या आकड्याशी जुळला नाही की बंदुकीची पत गेलीच. "काय रादिसाव, म्हातारीला कवळी छान बसलीय हं!" असं जो तो डिवचायचा. पूर्वी हत्यारं जमा करायचा हुकूम आला तेव्हा बंदूक निकामी ठरावी म्हणून आजोबांनी मूळ बोल्ट काढून लपवला आणि जागा न सांगताच डोळे मिटले.

यंदा कुलसंताच्या सणाला तो कूम वुकोटाकडे, म्हणजे पिढीजात मानलेल्या सोयऱ्याकडे जेवायला गेला. डुक्कर बघायला म्हणून त्याने खोपटाच्या कडीला हात घातला आणि थबकलाच. अंगठ्याने गंज पुसला, तर आकडा तोच!

"ही कडी कुणी बसवली रे?"

"तुझ्याच आजोबांनी. कूमाच्या डुकराची झडती कोण घेतो, म्हणायचे."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"मला वाटलं कडीच आहे!"

रादिसावने ती उपटलीच. डुक्कर सुटलं, पाहुणे ताटं सोडून त्याच्यामागे धावले.

"अरे गाढवा, आता दाराला काय लावू?" वुकोटा ओरडला.

रादिसाव बोल्ट उंचावत फाटकाबाहेर पोचलाही होता. "थांब, कवळी आणून देतो!"