वीस बाजूंचा फासा

लाखनीला हायवेच्या कडेला माझं भांड्यांचं दुकान होतं. आता ते पुतण्या चालवतो. उभा जन्म मी लोकांना भेटवस्तू विकल्या. लग्नाला हंडा, बारशाला वाटी-चमचा, नव्या घराला समई. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कोणाला काय द्यायचं ते त्याच्या आधी मला कळायचं. आणि प्रत्येक वस्तूवर मी नाव घालून द्यायचो. आधी छिन्नी-हातोडीनं ठिपके ठोकून, पुढं विजेचं मशीन आल्यावर त्याच्या थरथरत्या टोकानं. अमुक यांजकडून सप्रेम भेट. माझं अक्षर ओळखणारे लोक अजून या तालुक्यात आहेत.

अशा माणसाला स्वतःच्या मुलीसाठी एक वस्तू सापडू नये, याचा मला किती राग आला ते सांगतो. आधी वस्तूंवर राग आला. खरी गोष्ट मागाहून.

मुलगी पुण्याला कंपनीत आहे. लग्न केलेलं नाही. दिवाळीला येते, आणि आली तरी शनिवारी तिचा खेळ चुकत नाही. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते. पडद्यावर चार-पाच चेहरे, कोणी बंगलोरचा, कोणी इंदूरचा. मुलगी गोष्ट सांगते आणि ते गोष्टीत राहतात. एक योद्धा, एक जादूगारीण, एक चोर. मधूनच फासे टाकतात आणि कोण वाचलं, कोण मेलं ते ठरतं. मागच्या वर्षी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर ती एखाद्या म्हाताऱ्यासारखी घोगऱ्या आवाजात बोलत होती, "पुलावरून जायचं असेल तर आधी तुमच्या सगळ्यात जुन्या आठवणीची किंमत द्या." मी दारातच थबकलो. तिनं हातानंच तांब्या ठेवायची खूण केली आणि त्याच आवाजात पुढं बोलत राहिली.

मी तिला देत आलो ते असं. स्टीलचा डबा, नाव घालून. पितळी कडी लावलेला पाणी प्यायचा लोटा, नाव घालून. एकदा घड्याळ, त्याच्या मागच्या झाकणावरसुद्धा नाव. हे सगळं आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. "बॅगेत जागा नाही बाबा, पुढच्या वेळी नेते," असं म्हणून ती दर वेळी निघते.

यंदा मी ठरवलं की तिच्या आवडीचंच काही द्यायचं. भंडाऱ्याला जाऊन मोबाइल-लॅपटॉपच्या दुकानात उभा राहिलो.

"गेम खेळते मुलगी, तिच्यासाठी पाहिजे."

"कोणता गेम, काका?"

"राक्षस, जादू, राजवाडे असतात तो."

"अच्छा, फँटसी. क्रिकेटची टीम लावतात तो?"

"राक्षस क्रिकेट खेळतात काय?"

तो हसला आणि दोन मुठींत धरायचं, बटणं असलेलं यंत्र त्यानं माझ्या हातात दिलं. म्हणे सगळे गेमवाले हेच वापरतात. घरी आणलं. पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, तिच्या खेळात हे लागतच नाही. ते लोक नुसते बोलतात." दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो तर डबा फोडलेला म्हणून घेतलं नाही. मी स्वतः दुकानदार. फोडलेला डबा मीही कधी परत घेतला नाही, म्हणून भांडताही येईना.

बायको म्हणाली, "तिलेच फोन करून विचारा ना. कायले बसनं हिंडून राहिले?"

विचारलं. मुलगी म्हणाली, "मले काही नको, बाबा. खरंच."

हे 'काही नको' मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. रुसून म्हणाली असती तर समजूत काढली असती. ती अगदी सहज म्हणते, दुकानात एखादं गिऱ्हाईक नुसतंच भाव विचारून निघून जातं तशी.

मागच्या दिवाळीत तिचा एक फासा पलंगाखाली राहून गेला होता. बोराएवढा, प्लास्टिकचा, वीस बाजूंचा. तो घेऊन मी भंडाऱ्याला माझ्या जुन्या ओळखीच्या ओतारी कारागिराकडं गेलो. त्याच्याकडून दुकानासाठी घंटा आणि समया घ्यायचो. म्हटलं, असाच, पण पितळेचा आणि मोठा, लिंबाएवढा ओतून दे. त्यानं दिला. कानशीनं बाजू घासून, पॉलिश करून दिला. आकडे मी स्वतः घालणार होतो. पुतण्याच्या दुकानातलं मशीन घरी आणलं, चष्मा पुसला, दारापाशी उजेडात बसलो. हात थोडा कापतो आता, पण आकडे बरे आले.

एकोणीस आकडे झाले. विसावी बाजू, सगळ्यात मोठ्या आकड्याची, मी राखून ठेवली होती. मानाची जागा म्हणून तिथं तिचं नाव घालायचं होतं, खाली 'बाबांकडून सप्रेम भेट.' मजकूर मावेना. मग मी कानस घेतली आणि ती बाजू घासून घासून रुंद केली. बायको समोर करंज्या भरत होती.

"त्याच्यावरही नाव?"

"भेट आहे ना."

"तुम्ही तिले पुन्हा भांडंच देऊन राहिले," ती म्हणाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फासा मुलीच्या हातात दिला. तिनं तळहातावर फिरवून पाहिला. तिचे डोळे चमकले, ते मी पाहिलं, खोटं सांगत नाही. "तुम्ही केला?" म्हणाली. मग फरशीवर टाकला. एक आला. परत टाकला. एक. बायकोनं टाकला, एक. मी रागानं जरा जोरात टाकला, तर कोनाड्याला आपटून परत आला आणि एकच.

मुलीनं उचलून नावाची बाजू बोटानं चाचपली. "ही रुंद केली म्हणून फासा हिच्यावरच बसतो, बाबा. विसाच्या समोर एक असतो, मग एकच वर येणार."

"एक आला तर काय होतं?"

"सगळ्यात वाईट. तलवार स्वतःच्याच पायावर पडते. पूल आपल्याच खाली तुटतो." ती हसली. हसतच म्हणाली, "तुमच्याकडून मी नापासच व्हायची, दर वेळी."

बायको करंज्यांचं ताट घेऊन आत गेली. मी फासा हातात घेतला, खाली ठेवला. आम्ही दोघंही ते वाक्य ऐकलं नसल्यासारखं करू शकलो असतो. इतकी वर्षं तेच केलं होतं.

आता खरी गोष्ट. नागपूरला मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. लग्नसराई तोंडावर आली आणि दुकानातला माणूस काम सोडून गेला. बायकोचं ऑपरेशन झालेलं. माझा साळा शाळेत मास्तर. त्यानं मला आधीच बजावलं होतं, "भाऊजी, परीक्षेच्या वर्षात पोरीले दुकानात बसवू नका." मी म्हटलं, छे, तसं कसं करीन. आणि महिन्याभरात तिला बोलावून घेतलं. दुसरा माणूस मिळाला असता. पण घरचं माणूस गल्ल्यावर असलं की मी निर्धास्त असायचो, शिवाय नावं घालायला तिचा हात माझ्यासारखा बसला होता. उन्हाळाभर ती बसनं नागपूरला जाऊन पेपर द्यायची आणि परत येऊन हंड्यांवर लोकांची नावं घालायची. दोन विषय गेले. वर्ष गेलं. कॉलेजात आलेल्या कंपनीनं देऊ केलेली नोकरी गेली.

निकालानंतर घरी पाहुणे जमले होते, तेव्हा साळ्यानं विचारलं, काहून नापास झाली? दुकानात बसवलं हे मी त्याला सांगू शकत नव्हतो. ती तेव्हाही मैत्रिणींबरोबर तो खेळ खेळायची, महिन्यातून एखाद्या रविवारी. मी म्हटलं, "दिवसरात्र राक्षस मारत राहते, अभ्यास कधी करन?" सगळे हसले. मीही हसलो. मुलगी तिथंच पाणी देत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्याला पाणी दिलं.

ती गोष्ट मग माझी राहिली नाही. नातेवाइकांनी ती आपापल्या घरी नेली. दर लग्नात, दर तेरवीला कोणी ना कोणी मुलीला विचारतं, काय वो, किती राक्षस मारले यंदा? पुढच्या वर्षी ती पास झाली, स्वतःच्या बळावर पुण्याला गेली, तरी ती खेळापायी वर्ष घालवलेली पोरगीच राहिली.

फासा बाजूला ठेवून मी विचारलं, "तुले काय पाहिजे ते सांग."

"परवा मामांकडं मंडईले चाललो ना आपण? सगळे असतील. त्यांना सांगा."

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुपारी बाजार आणि दंडारीचं नाच-गाणं, पाहुण्यांनी घरं भरलेली, बाहेर लग्न होऊन गेलेल्या लेकी-बहिणी सगळ्या आलेल्या. साळ्याचं गाव आसगाव. धानाची कापणी चालू होती, तरी त्या दिवशी बांधीत कोणी उतरलं नव्हतं. जेवायला ओसरीवर पंगत बसली. मटणाचा रस्सा वाढून झाला आणि साळ्यानंच वाट करून दिली. मुलीला म्हणाला, "काय वो बाई, अजून चालूच आहे का तुझं राक्षसाचं?"

मी म्हटलं, "ती खेळापायी नापास नव्हती झाली. मी तिले दुकानात बसवलं होतं. तुम्ही नको म्हटलं तरी बसवलं. खेळाचं मी खोटं सांगितलं."

मग साळा हसला. "जाऊ द्या, भाऊजी. बाप आहे, पोरीची बाजू घेणारच."

"बाजू घेऊन नाही राहिलो. खरं सांगतो."

"आम्ही काय तिले नावं ठेवून राहिलो का? खेळते तर खेळू द्या. आता कमावते ना?"

त्याची बायको म्हणाली, "भाऊजींचं वय झालं, मन हळवं होते." कोणी तरी भाकर वाढा म्हणालं. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, कोणत्या महिन्यात, कोणत्या लग्नांची भांडी, सगळं. लोक ऐकत होते, पण लग्नातलं भाषण ऐकावं तसं, मान डोलावत. खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात पटलं होतं. खरं सांगताना मला घाम फुटला तरी कोणाला पटेना, उलट माझं मन किती मोठं म्हणून कौतुक. बाहेर दंडारीचा ढोल वाजायला लागला आणि अर्धी पंगत हात धुवायला उठली. माझ्या पानात सगळं तसंच. मला ते ताट उचलून अंगणात फेकावंसं वाटलं.

परतताना गाडीत मुलगी खिडकीतून बाहेर पाहत होती. मी म्हटलं, "मी सांगितलं ना."

"सांगितलं," ती म्हणाली. चार दिवसांनी पुण्याला गेली. फासा कपाटात, वरच्या फळीवर.

मी साळ्याला दोनदा फोन केला. तो धानाच्या भावाचं बोलत राहिला. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिलेलं तरी कोणी भाकर वाढून थांबवणार नाही.

अर्धं लिहून झालं होतं तेव्हा एका दुपारी शहापूरहून बायकोच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. पंगतीत ती माझ्या समोरच होती आणि एक शब्दही बोलली नव्हती.

"जवाई, एक विचारू काय? माझ्या नणंदेच्या पोरीचं लग्न होतं त्या साली मी हंडे घ्यायले आली होती तुमच्याकडं. पोरगीच होती गल्ल्यावर. मांडीवर पुस्तक होतं. मी म्हटलं, काहून वो, परीक्षा नाही का? म्हणे, आहे ना मावशी, परवा. मले वाटलं, घडीभर बसली असन. ते तेच साल होय का?"

"तेच, ताई."

"म्हणजे रोज बसत होती?"

"रोज."

मागं हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. मग तिचा आवाज चढला. "माझ्या दिराच्या घरचं स्थळ आलं होतं तिच्यासाठी. म्या मोडलं. गेमवाली पोरगी, घर काय सांभाळन, असं माझ्या तोंडानं बोलली मी. तुमच्या भरवशावर. अन् तुम्ही सगळ्यांच्यात बसून हसत होते. लाज नाही वाटली तुम्हाले?"

मी म्हटलं, वाटली.

"वाटली तर बारा-तेरा वर्षं काय करत होते? डब्यावर नावं घालत होते?" तिनं फोन आपटला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. माझं नाव काढलं तरी उठून जाते, असं बायको सांगते.

त्या शनिवारी मी मुलीला फोन केला. खेळाची वेळ झाली होती, मला माहीत होतं, पण राहवेना. मागून तिच्या मंडळींचे आवाज येत होते. मी म्हटलं, "मावशी फार चिडली माझ्यावर. नाही नाही ते बोलली."

"कशावरून?"

सांगितलं. गल्ला, मांडीवरचं पुस्तक, मोडलेलं स्थळ, सगळं.

"खरंच चिडली?" तिनं विचारलं.

"आता तोंड पाहत नाही माझं."

पलीकडून कोणी तरी तिला हाक मारली. ती त्यांना म्हणाली, "थांबा, आज उशिरा सुरू करू." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लावल्याचा आवाज आला. मग मला म्हणाली, "पुन्हा सांगा, बाबा. मावशी काय काय बोलली. पहिल्यापासून सांगा."