चार्ज कोणी घेतला

आमच्या फ्रिजच्या दारावर मुलीने एक कागद चिकटवला होता. त्यावर तेवीस प्रश्न होते आणि त्यातला एकही आमच्या घरातला नव्हता. काचेच्या घुमटाखाली हवा कुठून येते? अकरा वर्षांत कुत्रा म्हातारा कसा झाला नाही? नायिकेच्या डाव्या हातावरचा भाजल्याचा डाग उजव्या हातावर कसा गेला? बायको दूध काढायला फ्रिज उघडायची तेव्हा एखादा प्रश्न वाचायची आणि मला विचारायची, "अहो, त्या कुत्र्याचं काय झालं शेवटी?" जसा काही तो कुत्रा मीच पाळला होता.

हे प्रश्न एका इंग्रजी सायन्स फिक्शन सिनेमाच्या दुसऱ्या भागाचे होते. पहिला भाग आला तेव्हा मुलगी दहावीत होती. त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्या भागावर तिचा जीव, आणि दुसरा भाग आल्या आल्या जो तो त्याची टिंगल करायला लागला, की कथेला भोकंच भोकं आहेत. अंबरनाथला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिचं पोरापोरींचं टोळकं महिन्यातल्या एका रविवारी सिनेमावर बोलायला जमतं. या वेळची पाळी तिची होती. सिनेमा भंगार आहे असं बाकी सगळ्यांचं मत, आणि तो तसा नाही हे हिने एकटीने उभं राहून सांगायचं. म्हणून भोकांची यादी तिने आधी स्वतःच केली होती. हे मला आवडलं. नळ गळतोय हे शेजाऱ्याने सांगण्याआधी आपल्याला माहीत असावं.

मला मात्र त्या सिनेमाची वेगळीच धास्ती होती. पहिला भाग मीच तिला उल्हासनगरला दाखवायला नेला होता, एका चुकीची भरपाई म्हणून. आणि गार हवा लागल्याबरोबर मी खुर्चीत झोपलो. त्यामुळे भरपाईही वाया गेली आणि ती चूक आमच्या दोघांच्या मध्ये सहा वर्षं तशीच पडून राहिली. ती माझ्याशी बोलायची, हसायची, बदलापूर स्टेशनवरून येताना माझ्यासाठी पेरू आणायची. पण स्वतःच्या कुठल्याही कार्यक्रमाला 'बाबा, ये' असं तिने त्यानंतर कधी म्हटलं नाही. मला ते टोचत होतं. सांगणार कुणाला?

ती चूक अशी. मी जांभूळच्या पाण्याच्या प्लांटवर एकतीस वर्षं काढली. नदीतून पाणी खेचायचं, तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि पंपाने पुढे ढकलायचं. मुलीने दहावीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याच प्लांटचं मॉडेल करायला घेतलं. दुसऱ्या पोरी ज्वालामुखी करत होत्या, हिने बापाचं काम निवडलं, म्हणून मी महिनाभर छाती काढून फिरत होतो. प्लास्टिकच्या नळ्या, छोटी मोटर, बटण, सगळं सामान आम्ही दोघांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून आणलं. दुकानदार मोटर देताना तिला म्हणाला, "बेटा, चालू करके दिखाता हूँ, फिर वापस नहीं लूँगा." तिने ती तीनदा चालू करून घेतली. मग आम्ही दाल पकवान खाल्लं आणि मी तिला वचन दिलं, की प्रदर्शनाला चार वाजता मी हजर. माझी ड्यूटी तीनला सुटणार होती.

मी गेलो नाही. तिथे परीक्षकांनी तिला विचारलं, हे सगळं तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, बाबा येतीलच आता. परीक्षक थांबले, मग पुढच्या टेबलाकडे गेले. तिला दुसरं बक्षीस मिळालं. मी घरी आलो तेव्हा ती झोपली होती आणि प्रशस्तिपत्र चपलांच्या रॅकवर पडलं होतं. सकाळी मी एवढंच म्हणालो, "काम होतं." ती म्हणाली, "माहितेय." तो विषय आमच्याकडे तिथेच बंद झाला.

आता दुसरा भाग आला तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, येतोस का बघायला? झोपलास तरी चालेल." टोमणा होता तो, पण आमंत्रणही होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको म्हणाली, "लग्नाला चाललात का?"

दुपारचा खेळ होता. रिक्षात मुलीने मला पहिला भाग सांगितला, कारण मी तो डोळे मिटून पाहिला होता. एका दूरच्या कोरड्या ग्रहावर काचेच्या घुमटाखाली माणसांची वस्ती असते. हवा आणि पाणी एका मोठ्या मशीनवर चालतं. शेवटी वस्ती सोडून सगळे यानात बसून निघून जातात आणि मशीनवरचा एक म्हातारा माणूस मागे राहतो. का राहतो ते सांगितलेलं नाही. दुसऱ्या भागात अकरा वर्षांनी लोक परत येतात. बघतात तर घुमट उभा, दिवे चालू, मशीन चालू, टाकी भरलेली. म्हातारा मात्र कुठेच नाही. "आणि हाच यादीतला पहिला प्रश्न," ती म्हणाली. "अकरा वर्षं ते चाललं कसं? सगळे यावरच हसतात."

मी या वेळी टक्क जागा होतो. मारामारी आली, गेली. मला त्यात गम्य नव्हतं. मग नायक मशीनच्या खोलीत शिरतो. टेबलावर एक रजिस्टर उघडं पडलेलं. कॅमेरा त्या पानावरून सरकतो, फार तर चार सेकंद. अक्षरं कुठल्या भाषेत होती कोण जाणे, पण शिफ्टचं रजिस्टर मी झोपेतही ओळखीन. डाव्या बाजूला ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळीपुढे सही. उजव्या बाजूचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. नायक रजिस्टर मिटतो आणि म्हणतो, "पळून गेला असणार." आणि सगळे पुढे धावत सुटतात.

माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अरे, चार्ज कोणी घेतला ते तरी बघ."

पुढच्या रांगेतला एक पोरगा वळून म्हणाला, "अंकल, पिक्चर देखो ना." मुलीने कपाळावर हात मारला. पण माझं डोकं फिरलं होतं. ज्या माणसाने जन्मात कधी रजिस्टरवर सही केली नाही अशा हिरोने त्या म्हाताऱ्याला पळपुटा म्हणावं आणि आम्ही पॉपकॉर्न खात ऐकून घ्यावं? मी उरलेला सिनेमा हाताची घडी घालून बघितला. म्हातारा कुठे गेला हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेतला. मुलगी म्हणाली, "बोल आता. काय झालं होतं तुला?"

मी तिला सांगितलं, आमच्याकडे शिफ्ट संपली म्हणजे माणूस सुटला असं नसतं. जाणाऱ्याने रजिस्टरच्या डाव्या बाजूला लिहायचं, टाकीत पाणी किती, कुठला पंप चालू, कुठला बंद, काय काम राहिलंय. मग तोंडाने तेच येणाऱ्याला सांगायचं. येणाऱ्याने, म्हणजे रिलीव्हरने, फिरून बघायचं आणि उजव्या रकान्यात सही करायची, चार्ज घेतला. ती सही पडेपर्यंत जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. येणारा गेटवर विडी ओढत उभा दिसत असला तरी नाही. एकतीस वर्षांत मी एकदाही सोडली नाही. हे मी तोऱ्यातच सांगितलं, आणि का सांगू नये?

"त्या म्हाताऱ्याने रोज डावीकडे लिहिलंय," मी म्हणालो. "रोज चार्ज द्यायला उभा राहिलाय आणि घ्यायला कुणी आलेलं नाही. म्हणजे तो गेलेला नाही. तिथेच कुठेतरी खाली टाकीवर असणार. दिवे काय आपोआप लागतात?"

"म्हणजे पहिल्या भागात तो मागे राहिला ते..."

"रिलीव्हर आला नाही म्हणून. दुसरं काय कारण असणार?"

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या प्रदर्शनाच्या दिवशी तुझा रिलीव्हर आला नव्हता?"

फ्रिजवरच्या कागदावर हा प्रश्न नव्हता. मी म्हणालो, "नव्हता." तो बारवी धरणाच्या वरच्या एका पाड्यातून यायचा. त्याची आई सकाळी वारली होती आणि पाड्यावर फोनला रेंज नव्हती. कळवणार कसा? दुसरा माणूस मिळाला तो थेट रात्रपाळीचा.

"मग सांगितलं का नाहीस मला? सहा वर्षं, बाबा."

सांगितलं तर सबब वाटेल असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे मला ताठा होता. मी ज्या कामासाठी थांबलो ते काम माझ्या मुलीला न सांगताच कळायला हवं, असं मला वाटायचं. तिला नाही कळलं याचा मला रागही आला होता. पंधरा वर्षांच्या पोरीवर. हे मी तिला तसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "येडा आहेस तू," आणि चहाचे पैसे तिने दिले.

चार दिवसांनी रविवार आला. "बाबा, ये," असं ती म्हणाली. बायकोला ताप होता म्हणून मी एकटाच अंबरनाथला गेलो. हॉलमध्ये चाळीसेक पोरं असतील. मी मागच्या भिंतीजवळ बसलो. ती उभी राहिली. आवाज माझ्यावर गेलाय, पंपाच्या आवाजाच्या वर चढून बोलायची सवय असलेला. तिने बावीस भोकं एकामागून एक स्वतःच वाचून दाखवली. कुत्र्यावर सगळे हसले, तीही हसली. म्हणाली, याला माझ्याकडे उत्तर नाही, ही सरळसरळ चूक आहे. मग म्हाताऱ्यावर आली आणि तिने रजिस्टरची गोष्ट सांगितली. डावा रकाना, उजवा रकाना, कोरी जागा.

एक चष्मेवाला पोरगा उठला. "अगं, तो प्रॉप आहे यार. आर्टवाल्याने काहीतरी खरडून ठेवलं असेल. डायरेक्टरला पण माहीत नसेल."

"असेल," ती म्हणाली. "पण ज्याने खरडलं त्याच्या घरी कुणीतरी शिफ्ट करत असणार. त्याशिवाय उजवी बाजू कोरी ठेवायचं सुचत नाही." मग ती सगळ्यांकडे वळली. "दहावीत मी पाण्याच्या प्लांटचं मॉडेल केलं होतं. नदी होती, टाकी होती, मोटर होती. बटण दाबलं की पाणी चालू. त्यात मी माणूसच ठेवला नव्हता. परीक्षकांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. भोक ते होतं. या सिनेमाच्या हिरोने तेच केलंय, आणि आपण सगळेही मशीन कसं चाललं विचारतोय. चालवलं कुणी, ते विचारत नाही."

टाळ्या पडल्या तेव्हा मी खाली वाकून चपलेचा पट्टा बघत होतो. पट्टा ठीक होता. एकतीस वर्षांत साहेबांनी पाठ थोपटली, निरोपाच्या दिवशी शाल दिली, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. तो तिचा की माझा, हेही मला त्या वेळी कळत नव्हतं.

कार्यक्रम संपला. टोळकं तिला पार्टी द्यायला खाली घेऊन जायला निघालं. ज्यांनी सिनेमाला भंगार म्हटलं होतं तेच जास्त आरडाओरडा करत होते. त्यांच्यानंतर हॉलमध्ये पेटीचा क्लास असतो आणि चावी क्लासच्या बाईंकडे द्यायची असते. बाई आल्या नव्हत्या. कुणीतरी म्हणालं, "चावी खाली पानवाल्याकडे ठेव ना, नेहमी तेच करतो." जिन्यातून तिच्या नावाने हाका येत होत्या.

"तुम्ही व्हा पुढे," तिने वरूनच सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "बाबा, तूही जा. आईला औषध द्यायचंय. मी येते."

मी बायकोला फोन करून औषध कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं आणि पायरीवर बसलो. मुलगी माझ्या शेजारी बसली. पाऊण तास गेला. मधे दोनदा मित्रांचे फोन आले, खाणं गार होतंय म्हणून. ती "आले" म्हणाली आणि बसून राहिली.

बाई घामाघूम होऊन आल्या, सॉरी सॉरी म्हणत चावीला हात पुढे केला. मुलीने चावी लगेच दिली नाही. त्यांना आत घेऊन गेली. "तीन पंखे चालू आहेत, कोपऱ्यातला बंद आहे. दुसऱ्या खिडकीची कडी ढिली आहे, वारा आला की उघडते. माठात पाणी अर्ध्याच्या वर आहे." बाई मान डोलवत होत्या, त्यांना घाई होती. मुलीने वाचनालयाची चावी दिल्या-घेतल्याची वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

बाईंनी सही केली. तिने ती नीट बघितली, वही मिटून जागेवर ठेवली आणि मला म्हणाली, "चल बाबा. आता जाऊ."