काळ्या मातीतले पांढरे खडे

मागच्या पोस्टमध्ये मी चुकीचं लिहिलं होतं. आत्याचं पहिलं बाळ टेकडीखालच्या रानात पुरलंय, आणि त्याचं आता काहीच उरलं नसणार, असं. तिच्या सुनेने ते तिला वाचून दाखवलं. रान आयटी कंपनीच्या इमारतीसाठी विकलं गेलंय, मंगळवारी जेसीबी येणार. त्याआधी बाळाला हलवायचं आत्याने ठरवलं होतं. माझं ऐकून म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या." म्हणून काल पुन्हा गेले.

सदाशिव पेठेतून स्कूटीवर तासभर. नव्या रस्त्यावर खडी सुटी आहे, जपून जा. वाटेत मिसळ खाल्ली. "पाव गरम आहेत का?" विचारलं, तर मालक म्हणाले, "उन्हात धरा."

रस्त्यासाठी टेकडी कापलीय, तिथे थांबले. काळा खडक कांद्यासारखा सोलत गेलेला, प्रत्येक पापुद्र्याआड एक गोल, बुबुळासारखा. सगळे रस्त्याकडे बघत असलेले. वर तांबूस मुरूम. त्यावर लिंबू पिळलं. अक्षरओळखीच्या आधी बाबांनी घरी शिकवलेली ही परीक्षा: चुना असला की फेस येतो. आला नाही. खडक झिजताना सुटलेला चुना पावसाने खाली वाहून नेलेला. अशा मातीत हाड लवकर विरतं. मागे मी इथलीच माती बघून सगळ्या रानाबद्दल लिहून टाकलं होतं. खाली काळ्या मातीत तोच चुना पांढरे खडे होऊन साठतो. तिथे हाड टिकू शकतं.

आत्या रानातच होती. तिथल्या काळ्या मातीच्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. आत गार होतं. वारा नव्हता, तरी खोल कुठेतरी ढेकळं पडत होती.

"दगड हाय तिथंच बाळ हाय," पुरल्या जागी ठेवलेल्या खुणेच्या दगडाकडे बोट करत आत्या म्हणाली. मग वाकून बांधाकडे पाहिलं. "पर ह्यो बांधाला टेकून व्हता गं."

आता दगड आणि बांध यांच्यामध्ये हातभर जागा होती.

"कुनी हलवला?"

"मातीनेच, आत्या. पावसात फुगते, उन्हात आकसते. आतलं वर ढकलते."

"मग इतकी वर्सं मी फुलं कुनाला वाह्यली?"

तिने भेगेतून दोन पांढरे तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. "ह्यातलं कंचं त्याचं?"

घरी येऊन दोन्हींवर लिंबू पिळलं. पहिला फसफसला, म्हणजे चुन्याचा खडा. दुसरा तसाच राहिला, म्हणजे हाड असावं. बकरीचं हाडही असेल, मला ओळखता येत नाही. आत्याला फोनवर तेवढंच सांगितलं.

"मग त्याला हलवाया कवा येतीस?" तिने विचारलं.

सोमवारी, बुद्धपौर्णिमेला, उजाडताच.