दाजींचं मत

आमच्या दाजींइतका कुणाचीच बाजू न घेणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. माझ्या थोरल्या बहिणीनं "आमटी कशी झालीये?" असं विचारलं, की हे भुरका मारून सांगत, "आईच्या मते तिखट, धाकट्याच्या मते अळणी," आणि स्वतः वाटी पुन्हा पुढे करत. भांडणात तर ते बहिणीची बाजू तिच्याहून नीट मांडत. मग तिला भांडायला काही उरतच नसे, आणि याचाच तिला जास्त संताप येई.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत चार-पाच जणांनी मिळून शेवगाव तालुक्याची सारी माहिती एका पुस्तकात आणायचं ठरवलं. जुळवाजुळव अर्थातच दाजींकडे आली, आणि घोडं अडलं ते आमच्या गावच्या पायऱ्यांच्या बारवेवर. ती आपल्या आजोबांनी बांधली असं माझे वडील, आबा, सांगत. गावातलेच दस्तगीरभाई म्हणत, आमच्या वाडवडिलांनी. पुरावा कुणाकडेच नाही. आबांनी तेव्हा अंथरूण धरलं होतं. डोळे मिटण्याआधी आजोबांचं नाव त्या पुस्तकात लागावं, एवढाच त्यांचा ध्यास. पण दाजींचा नियम असा, की वाद असेल तिथं प्रत्येकानं समोरच्याची बाजू लिहायची, आणि समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत ती घ्यायची नाही.

"जावई हाय का वैरी?" म्हणून आबा भिंतीकडे तोंड करून निजले.

शेवटी दस्तगीरभाईच आले आणि खाटेशी बसले. "आबा, तुमी सांगा, मी लिवतो. मंग मी सांगन, तुमी लिवा." काही दुपारी असं चाललं. आबांनी दस्तगीरभाईंची बाजू मला सांगून लिहवली, थोडी कुरकुरत, पण पुरी. दस्तगीरभाईंनी स्वतः लिहिलेली आमची बाजू वाचून दाखवली. तिच्यात होतं, 'दुष्काळात या घरच्या बाईनं बारवेवर कुणालाच अडवलं नाही, असं आमची आजी सांगे.' हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. "बरोबर हाय," म्हणाले, आणि किती तरी वेळ दस्तगीरभाईंचा हात धरून राहिले.

कागदाच्या टंचाईत पुस्तक रखडलं, आणि ते छापून येण्याआधीच आबा गेले. खांदा द्यायला दस्तगीरभाई होते. दाजींनी सासऱ्यांचा शब्द राखून नुसतं नाव छापलं असतं, तर यातलं काहीच आमच्या पदरात पडलं नसतं. त्याबद्दल मी दाजींचा जन्माचा ऋणी आहे.

आबांचे दिवस झाल्यावर मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. "असं तुझं मत आहे," ते म्हणाले. मग धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले.

"आबा लई मोठ्या मनाचा मानूस हुता," ते हळूच म्हणाले. "हे पुस्तकात घालू नको."