बिनबर्फाचा रस

नई सडकेवर उसाच्या रसाचा एक ठेला आहे. उन्हाळाभर मी तिथे रोज दुपारी भरपूर बर्फ घातलेला रस पीत होतो. ठेलेवाल्याचं नाव मला आजही माहीत नाही, पण माझ्या डोळ्यांतला पिवळेपणा घरच्यांच्याही आधी त्यालाच दिसला. पुढे केलेला ग्लास त्याने मागे घेतला.

"भूक नहीं लगती? जी मचलाता है? पेशाब पीला आता है?" त्याने चार माणसांत विचारलं. मी मान हलवत राहिलो.

डॉक्टरांनीही तेच विचारलं. यकृताला सूज आहे म्हणाले. दारू नाही, गोळ्या नाहीत, म्हणजे बाहेरचं घाण पाणी.

आमच्याकडे पीलिया, म्हणजे कावीळ, झाली की उसाचा रस पाजतात, त्यापुढे आई डॉक्टरांचंही ऐकत नाही. म्हणून मी पुन्हा त्याच ठेल्यावर. आता तो माझा ऊस वेगळा धुवायचा, ग्लास उकळत्या पाण्याने विसळायचा आणि नालीकाठी गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लादीला हातही लावायचा नाही.

"पीलियावाले को बरफ नहीं देते, भाईसाब. गंदे पानी की होती है."

"फिर किसको देते हो?"

"जो अच्छे-भले हैं, उनको."

हे तो इतक्या मायेने म्हणाला की मला धड चिडताही आलं नाही.

बरा झाल्यावर मी त्याला सांगायला गेलो. त्याने माझी पापणी खाली ओढून डोळा नीट पाहिला, मनापासून खूश झाला, आणि माझ्या ग्लासात मूठभर बर्फ टाकला.